दहा मे, सोलापूर

पहाटेचे चार वाजले असतील. तुम्ही सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या बुरुजावर उभे आहात आणि तारीख आहे १० मे १८१८. काल दिवसभर तापलेला दगड अजून पुरता निवलेला नाही, हात टेकवला तर कोमट लागतो. एका अंगाला सिद्धेश्वराचा तलाव, उन्हाळ्यानं आत सरकलेला. बाकीच्या बाजूंना खंदक. पलीकडे पेठ आणि पेठेला तिचा स्वतःचा तट. त्या तटाच्या बाहेर काळोखात काहीतरी हलतंय. शिड्या आहेत त्या. माणसांच्या खांद्यांवरून आडव्या येणाऱ्या शिड्या.

तुम्हाला ओरडावंसं वाटेल. ओरडून उपयोग नाही, इथे तुमचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. तुम्ही फक्त पाहायचं आहे.

बुरुजावरून खाली नजर टाका. किल्ल्याच्या आश्रयानं तळ देऊन बसलेली ही फौज म्हणजे पेशव्यांच्या पायदळाचा आणि तोफखान्याचा अखेरचा मोठा तुकडा. साडेपाच हजारांच्या आसपास माणसं आहेत. त्यांत अरब आहेत, गारदी आहेत, गोलंदाज आहेत. त्यांचा सेनापती गणपतराव पानसे. हे पानसे घराणं पिढीजात तोफखान्याचं. पुण्याजवळ सोनोरीच्या डोंगरावरचा मल्हारगड याच घराण्यानं बांधला. १७७९ साली वडगावला इंग्रजांची कोंडी झाली, त्या मोहिमेत पानशांच्या तोफा होत्या. त्या वेळी इंग्रजांना तहावर सही करावी लागली होती. वडगाव ते सोलापूर, मध्ये एकोणचाळीस वर्षं गेली आहेत. तोफा त्याच घराण्याच्या आहेत. बदललं आहे ते तोफांच्या मागचं राज्य.

आणि या राज्याचा धनी कुठे आहे? दुसरा बाजीराव इथून शेकडो कोस दूर, उत्तरेकडे पळतो आहे. या साडेपाच हजार माणसांना सोलापूरच्या तटाखाली ठेवून तो हलक्या घोडदळासह निघून गेला. तीन आठवड्यांनी, ३ जूनला, तो असीरगडाजवळ धोलकोटला इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन होईल आणि वर्षाला आठ लाख रुपयांच्या पेन्शनीवर बिठूरला जाईल. खालच्या माणसांना यातलं काही ठाऊक नाही. ती अजून त्याच्यासाठी लढायला उभी आहेत.

हे इथवर कसं आलं, ते पाहायला तीन महिने मागे चला.

आष्टी, २० फेब्रुवारी १८१८

सोलापूर जिल्ह्यातलंच आष्टी गाव. थंडी सरत आली आहे. शेतात ज्वारी कापणीला आलेली, काही ठिकाणी कडब्याच्या पेंढ्या बांधून झालेल्या. पेशव्यांचा तळ उठण्याच्या गडबडीत आहे आणि तेवढ्यात जनरल स्मिथचं घोडदळ येऊन पोचतं. धूळ दिसते, मग टापा ऐकू येतात. बाजीराव पालखी सोडून घोड्यावर बसतो आणि निघून जातो.

पेशव्यांचे सेनापती बापू गोखले मागे थांबतात. त्यांच्याजवळ वेळ नाही, तोफा नाहीत, आहेत ते सोबतचे स्वार. शत्रूला अडवून धन्याला वाट मोकळी करून द्यायची एवढंच त्यांच्या हातात उरलं आहे. ते स्वारांसह थेट इंग्रजी रांगेवर घोडे घालतात. रांग क्षणभर हलते. मग इंग्रजांची राखीव तुकडी वळून येते आणि त्या गर्दीत मराठ्यांचा शेवटचा मोठा सेनापती घोड्यावरून खाली येतो. तुम्ही जवळ असाल तर पाहा, तलवार अजून त्यांच्या हातात आहे.

त्याच तळावर छत्रपती प्रतापसिंह आहेत, त्यांच्या मातोश्री आहेत, भाऊ आहेत. बाजीरावानं त्यांना सोबत फिरवलं होतं, एका अर्थी नजरकैदेतच. ते इंग्रजांच्या हाती लागतात. या एका गोष्टीचं मोल आष्टीच्या लढाईपेक्षा मोठं आहे. इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं नऊच दिवसांपूर्वी, ११ फेब्रुवारीला, साताऱ्याहून जाहीरनामा काढला होता: बाजीरावाचं राज्य संपलं, छत्रपतींना त्यांचं लहानसं राज्य मिळेल, जहागीरदारांनी लढाई सोडली तर त्यांच्या जहागिरी राहतील. आता छत्रपतीच त्यांच्याकडे आले. ज्यांच्या नावानं पेशवे राज्य करत होते, तेच पेशव्यांच्या बाजूला राहिले नाहीत. पटवर्धनांसारखे सरदार एकेक करून घरी परतले.

पुन्हा १० मे १८१८

आता बुरुजावर परत या. शिड्या पेठेच्या तटाला लागल्या आहेत.

पलीकडच्या फौजेचा प्रमुख टॉमस मन्रो. सोबत प्रिट्झलर. बदामी आणि बेळगाव घेऊन, भीमा उतरून ते इथे आले आहेत. काल मन्रोनं एका सुभेदाराकडून शरण येण्याचा निरोप पाठवला होता आणि तो सुभेदार इथे मारला गेला. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मारण्याइतकी या फौजेची शिस्त सुटली आहे, हेही तुम्ही डोळ्यांआड करू नका.

शिड्यांवरून चढणाऱ्यांत गोरे थोडे आहेत. बाकीचे मद्रासी पलटणींचे शिपाई, तेलुगू आणि तमिळ मुलखातले. पगार वेळेवर मिळतो म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आलेले. हे चेहरे लक्षात ठेवा. तेलुगू बोलणारी माणसं या शहरात तुम्हाला पुन्हा भेटतील, तेव्हा ती वेगळ्या बाजूला असतील.

उजाडता उजाडता पेठ पडते. तरी गणपतराव स्वस्थ बसत नाहीत. ते तोफा आणि काही शे माणसं घेऊन किल्ल्याच्या आडून पूर्वेच्या अंगाला येतात आणि इंग्रजांच्या राखीव फौजेवर गोळे टाकू लागतात. काही वेळ असा जातो, की पारडं कुठे झुकेल ते सांगता येत नाही. तेवढ्यात दारूगोळ्याचा एक गाडा पेट घेतो. कानठळ्या बसवणारा आवाज होतो, धुराचा लोट उठतो आणि बैल दावी तोडून उधळतात. गोलंदाज आपल्याच तोफेपासून दूर फेकले जातात. त्या गोंधळात संगिनी चालून येतात. गणपतराव जखमी होतात. त्यांचे दुय्यम विठ्ठलपंत तात्या पडतात. तोफा जातात.

दुपार कलल्यावर पायदळ तळ सोडून निघतं. ज्यांना पुढचा हुकूम मिळालेला नाही ती माणसं स्वतःहून वाट काढत आहेत. प्रिट्झलरचं घोडदळ त्यांना गाठतं. उघडं माळरान, मे महिना, आडोशाला झाड नाही. अंधार पडेपर्यंत कत्तल चालते. मग चार दिवस किल्ल्यावर तोफांचा मारा, आणि १५ मे रोजी किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन होतो.

दख्खनमधली पेशव्यांची उभी फौज इथे संपली. शनिवारवाड्यावर निशाण १७ नोव्हेंबर १८१७ लाच बदललं होतं, तरी मैदानात उभी असलेली फौज मोडली ती सोलापूरच्या माळावर.

इतिहासाला हात लावून पाहू

आता तुम्हाला एक मुभा देतो. या इतिहासात तुम्ही एकच गोष्ट बदलायची. जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस इथे एकच उत्तर देतो: आष्टीला बापू गोखले वाचायला हवे होते.

ठीक. गोखले वाचले. ते स्वार घेऊन सोलापूरला येतात आणि पानशांच्या तोफांना घोडदळाची साथ मिळते. इथून पुढचं सगळं कल्पनेतलं आहे, पण अशक्य कोटीतलं नाही. मन्रोची फौज लहान आहे आणि तिच्या पाठीशी भीमा आहे. गोखले थेट भिडत नाहीत. ते रात्री भीमेचे उतार रोखतात, धान्याचे बैलतांडे फिरवतात, चाऱ्याच्या गंजी पेटवतात. पेठेच्या तटावर पहारा जागा आहे, शिड्या लागण्याआधीच ढकलल्या जातात. जूनमध्ये मृगाचा पाऊस येतो, भीमा-सीना दुथडी भरतात आणि मन्रोला माघार घ्यावी लागते. सोलापूरच्या तटावर जरीपटका राहतो.

तुम्ही आनंदानं हात उंचावाल. पण काही महिने पुढे चला. ऑक्टोबर १८१८. महीदपूरला होळकरांची फौज आधीच्या डिसेंबरातच मोडली आहे. सीताबर्डीवर नागपूरकर भोसले हरले आहेत. शिंद्यांनी ५ नोव्हेंबर १८१७ लाच ग्वाल्हेरला तह केला आहे. कंपनीच्या हाती १७६५ पासून बंगालचा महसूल आहे. एक फौज हरली तर दुसरी उभी करायला तिला एक मोसम लागतो. गोखल्यांना दुसरी फौज उभी करायला पैसा कुठून येणार? गोखले वाचले तर सोलापूर एक पावसाळा वाचतं. त्याहून अधिक नाही.

पंजाबकडे पाहा. रणजितसिंहांकडे फ्रेंच पद्धतीनं कवायत शिकलेली पायदळं होती, उत्तम तोफखाना होता. १८३९ साली ते वारले आणि दरबार आपसांत लढू लागला. १८४९ साली पंजाब इंग्रजांच्या राज्यात गेला. उत्तम फौज दहा वर्षं पुरली.

म्हणून एकाच सेनापतीचा जीव वाचवून इतिहास बदलत नाही. बदल करायचा तर आणखी मागे, आणखी खोल जायला हवं. कुठे जायचं ते दाखवतो. फार लांब नाही, सोलापूरपासून दिवसभराच्या चालीवर.

माचणूर, १६९७

भीमेचा काठ. मंगळवेढ्याजवळचं ब्रह्मपुरी, माचणूर. तुमच्या समोर तंबूंचं एक शहर पसरलं आहे. हत्ती, उंट, बाजार, मशीद, कचेऱ्या. ही औरंगजेबाची छावणी. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं हिंदुस्थानचा पातशहा इथे बसून आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एकाचा खजिना त्याच्यामागे आहे.

त्याच्यासमोर कोण आहे? संभाजी महाराजांना त्यानं १६८९ सालीच मारलं. रायगड घेतला. महाराणी येसूबाई आणि बाळ शाहू त्याच्या कैदेत आहेत. राजाराम महाराज दूर जिंजीला आहेत. मराठ्यांना राजधानी नाही, भरलेला खजिना नाही, एका जागी उभी फौज नाही. पुस्तकी हिशेबानं हे राज्य आठ वर्षांपूर्वीच संपलं आहे.

आता रात्री छावणीबाहेर पडा आणि आजूबाजूच्या गावांतून फिरा. संताजी-धनाजींचे स्वार कुठल्या वाटेनं गेले ते गावाला ठाऊक आहे, पातशहाच्या माणसाला ते कळत नाही. रसदेचा तांडा कधी निघणार, हे आधी मराठ्यांच्या घोडदळाला कळतं. रामचंद्रपंत अमात्य इथला कारभार हाकत आहेत. पुढे राजाराम महाराज गेल्यावर ताराबाई सात वर्षं हीच लढाई लढतील आणि १७०७ साली औरंगजेब दख्खनमध्येच मरेल. पंचवीस वर्षं इथे काढून त्याला हे राज्य संपवता आलं नाही.

इथे फितुरी नव्हती, वतनाचा लोभ नव्हता, लुटालूट नव्हती, असं मी म्हणत नाही. हे सगळं होतं. तरी राजा मारला गेला आणि राज्य उरलं, हे सत्य आहे. शिवाजी महाराजांनी रयतेला दिलेला विश्वास अजून शिल्लक होता. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना त्यांनी जे पत्र लिहिलं, त्यात रयतेला काडीचाही उपद्रव होऊ नये म्हणून केवढी तपशीलवार ताकीद आहे. रयत कण्हत असेल तर किल्ले पोकळ असतात, हे त्या राजाला कळत होतं.

सीनाकाठचं गाव, १८१५

एकशे अठरा वर्षं पुढे या. तोच जिल्हा. गाव कुठलंही घ्या. पाटलाच्या वाड्यासमोर लोक जमले आहेत. नवा मामलेदार आला आहे. बाजीरावाच्या कारभारात मामलती लिलावानं जातात, जो जास्त बोली लावेल त्याला. या माणसानं मोठी रक्कम कबूल करून हा मुलूख एका वर्षासाठी घेतला आहे. पुढच्या वर्षी दुसरा कुणी जास्त बोली लावेल, म्हणून कबूल केलेला पैसा आणि स्वतःचा नफा त्याला याच वर्षात काढायचा आहे. पाऊस कमी झाला, पीक गेलं, हे ऐकून घ्यायला त्याच्याकडे सवड नाही. शेतकऱ्याची जोडी दावणीतून सुटते. दाद मागायला पुण्याला जावं, तर तिथे ही मामलत विकणारेच बसले आहेत.

चावडीपासून दूर, गावकुसाबाहेर उभी असलेली माणसंही पाहा. शिवाजी महाराजांच्या काळी किल्ल्यांच्या पहाऱ्यावर असलेल्या महारांना उत्तर पेशवाईत कुठली वागणूक मिळाली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला ती माणसं कंपनीच्या पलटणीतून लढली आणि तिथल्या स्तंभावर त्यांची नावं कोरलेली आहेत. ज्या राज्यानं माणसाला आपलं मानलं नाही, त्या राज्यासाठी त्यानं जीव द्यावा, अशी अपेक्षा करण्याचा कुणालाही अधिकार नाही.

मन्रोला हे सगळं समजलं होतं, म्हणून तो इतक्या थोड्या माणसांनिशी धारवाडपासून सोलापूरपर्यंत आला. त्यानं गावोगाव आपले अंमलदार नेमले, स्थानिक शिबंदी उभी केली, त्याच मुलखाचा वसूल गोळा केला आणि त्याच पैशावर मोहीम चालवली. औरंगजेबाला पंचवीस वर्षांत जमलं नाही ते मन्रोला काही महिन्यांत जमलं, कारण गावांनी मन्रोला वाट दिली.

तर बदल इथे करा. समजा, मामलती विकल्या गेल्या नाहीत. समजा, १८०२ साली यशवंतराव होळकरांशी बोलणं करायचं सोडून बाजीरावानं ३१ डिसेंबरला वसईचा तह केला नाही आणि स्वतःच्या रक्षणासाठी परक्यांची फौज पदरी घेतली नाही. समजा, गावकुसाबाहेरच्या माणसाला राज्यात मान मिळाला. मग १० मे १८१८ ची ती पहाट कशी उजाडते?

मन्रो भीमेवर येतो तेव्हा उतार दाखवायला वाटाड्या मिळत नाही. पेवं रिकामी आहेत, धान्य आठवड्यापूर्वीच हललं आहे. शिबंदीत नाव घालायला कुणी येत नाही. गणपतराव पानसे हरले तरी काही बिघडत नाही, माचणूरसारखं दर दहा कोसांवर पुन्हा कुणीतरी उभं राहतं. कंपनीला मुलूख जिंकता आला तरी तो राखणं परवडत नाही. सयाम जसा तहांवर तगून राहिला, तसं हे राज्य कदाचित तगलं असतं. कदाचित साताऱ्याला खरोखरीचे छत्रपती राहिले असते. मग १८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवण्याची कुणाची हिंमत झाली नसती आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजींना लंडनमध्ये वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागले नसते.

हे चित्र मला मोहात पाडतं. तुम्हालाही पाडत असेल. पण या मोहात थांबू नका. खरी गोष्ट अजून पुढे आहे आणि ती कल्पनेतली नाही.

१० मे १९३०

तेच शहर, तीच तारीख. एकशे बारा वर्षं उलटली आहेत. पेठेचा तट आता कुठे दिसत नाही, त्याऐवजी गिरण्यांची धुराडी आहेत. जुनी गिरणी १८७७ ची, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. वस्त्यांतून मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात.

चौकात जाऊन उभे राहा. पोलीस चौकी रिकामी आहे. रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या टोपीतला एक पोरगा उभा आहे, वीस वर्षांचाही नसेल. तो हात वर करून टांगे थांबवतो, हात खाली करून जाऊ देतो. टांगेवाला थांबतो, चिडत नाही. काल या पोराला कुणी नेमलं असं नाही, दरमहा पगार नाही, हातात काठीही नाही. त्याच्या शर्टाला एक लहानसा झेंडा टाचलेला आहे, पांढरा, हिरवा आणि लाल, मधोमध चरखा. उन्हानं त्याचा चेहरा रापला आहे आणि ओठ कोरडे पडले आहेत. समोरच्या घरातून कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात देतं. तो चूळ भरतो, पाणी पितो आणि पुन्हा हात वर करतो.

या शहरात आत्ता इंग्रजांचं राज्य नाही.

हे कसं घडलं? महिनाभरापूर्वी, ६ एप्रिलला, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. देशातल्या कुठल्याही नगरपालिकेवर चढलेला हा पहिला ध्वज म्हणून सोलापूर त्याचा अभिमान बाळगतं. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडं तोडायला माणसं गेली. दारूबंदीचा आणि सरकारी उत्पन्नावर घाव घालण्याचा हा सत्याग्रह. पोलिसांनी धरपकड केली, जमाव जमला, कलेक्टर नाईट तिथे होता. काँग्रेसचे कार्यकर्ते मल्लप्पा धनशेट्टी लोकांना आवरत होते. हातात झेंडा घेऊन पुढे आलेला शंकर शिवदारे नावाचा तरुण गोळीला बळी पडला. मग लोक आवरेनात. जमावानं चौकीवर हल्ला केला, पोलीस मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीला आग लागली. गोळीबारात अनेक नागरिक पडले. हा हिंसाचारही त्या दिवसाचा भाग आहे आणि तो सांगायलाच हवा. सरकारनं पोलीस शहराबाहेर काढले.

आणि ९ मे रोजी सकाळी सोलापूरकरांच्या लक्षात आलं, की आता शहर आपल्या हाती आहे. या स्वातंत्र्याचे दिवस कुणी तीन मोजतं, कुणी चार. रामकृष्ण जाजू, तुळशीदास जाधव आणि त्यांच्यासारख्या काँग्रेस कार्यकर्त्यांनी, स्वयंसेवकांनी कारभार सांभाळला. रहदारी, गस्त, शांतता.

गर्दीतून चालत राहा. साखर पेठेतले तेलुगू विणकर दिसतील. १८१८ साली तेलुगू मुलखातली माणसं कंपनीच्या पगारावर या तटावर चढली होती. आज तीच भाषा बोलणारा विणकर या शहराला आपलं म्हणतो. गिरणीतला मराठा, लिंगायत व्यापारी, मारवाडी दुकानदार, मुसलमान कामगार एका रस्त्यावर आहेत. १८१८ च्या फौजेला धनी होता आणि तो पळून गेला. १९३० च्या सोलापूरला धनीच नाही, त्यामुळे पळून जाणारंही कुणी नाही.

मघाशी आपण कल्पनेत जे राज्य उभं करत होतो, ज्यात गाव स्वतःहून वाट अडवतं, ते हे आहे. पर्यायी इतिहास म्हणून ज्याची आपण स्वप्नं पाहतो, तो सोलापूरनं तीन-चार दिवस प्रत्यक्ष जगून दाखवला.

येरवडा, १२ जानेवारी १९३१

१२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. लष्कर आलं. ३० जूनपर्यंत हे शहर लष्करी अमलाखाली राहिलं. झेंडा बाळगणं हा गुन्हा ठरला. घराघरांवरचे झेंडे उतरवले गेले.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. सोलापूर त्यांना तेव्हाही निर्दोष मानत होतं, आजही मानतं. धनशेट्टी तर त्या दिवशी जमावाला शांत करत होते. कुर्बान हुसेन कामगारांत काम करत, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत. वीस-बावीस वर्षांचा तरुण.

आज पहाटे तुम्ही येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंतीबाहेर उभे आहात. १६ नोव्हेंबर १८१७ रोजी याच येरवड्याच्या उतारावर इंग्रज नदी ओलांडून आले आणि दुसऱ्या दिवशी पुणं पडलं. त्याच जागी सोलापूरच्या या चौघांना फासावर चढवलं जात आहे. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. इंग्रजांनी यादी केली ती त्यांच्या कायद्यानं, पण त्या यादीत अख्खं सोलापूर आलं.

यापुढे सोळा वर्षं आणि सात महिन्यांनी देश स्वतंत्र झाला.

आता तुमचं वर्तमान

मराठेशाहीच्या पर्यायी इतिहासावर आपण मराठी माणसं खूप बोलतो. पानिपतावर विश्वासराव वाचले असते तर, थोरले माधवराव आणखी वीस वर्षं जगले असते तर, महादजी आणि नाना एकदिलानं राहिले असते तर. या प्रश्नांत प्रेम आहे आणि मी त्यांना हलकं लेखणार नाही. पण या सगळ्यांत एक चूक आहे. राज्य एखाद्या थोर माणसाच्या श्वासावर अवलंबून असतं, असं आपण त्यांत गृहीत धरतो. माचणूरनं ते खोटं ठरवलं, राजा गेल्यावरही राज्य लढत राहिलं. सोलापूरच्या १८१८ नं त्याची दुसरी बाजू दाखवली, तोफा आणि माणसं असूनही राज्य गेलं. आणि १९३० नं दाखवलं, की लोकांनी शहर आपलं मानलं तर काही दिवसांपुरतं का होईना, साम्राज्यालाही मागे सरावं लागतं.

म्हणून प्रश्न बदलू या. कोण वाचायला हवं होतं, हे विचारू नका. त्या राज्यात कुणाला परकं ठेवलं गेलं, हे विचारा. हाच प्रश्न आजच्या राज्याला, आपल्या शहराला, आपल्या गावालाही विचारा. शेतकऱ्याचं कुणी ऐकून घेतं का, गावकुसाबाहेर कुणी उभं आहे का, वेगळी भाषा बोलणाऱ्याला हे शहर आपलं वाटतं का. उत्तर द्यायला आपल्याला इतिहास बदलावा लागत नाही.

सोलापूरला गेलात तर किल्ला जरूर पाहा, पण तिथून चार हुतात्मा चौकातही जा. ती चार नावं मोठ्यानं वाचा, सोबत मुलं असतील तर त्यांच्याकडून वाचून घ्या. आणि आष्टी, माचणूर, सोलापूर ही तिन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यात आहेत, हे त्यांना सांगा. महाराष्ट्राचं राज्य कशानं टिकलं, कशानं गेलं आणि कशानं परत आलं, हे एका दिवसात मुलांना शिकवता येईल असा दुसरा जिल्हा मला माहीत नाही.